साडेचार फुटांची रेघ

आमच्या वॉटर पार्कात पोरगं तिकिटाच्या खिडकीशी बुटकं असतं आणि मोठ्या घसरगुंडीशी गेलं की उंच होतं. मधलं अंतर शंभर पावलांचं. एवढ्या वेळात एवढी वाढ दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात होत असेल असं मला वाटत नाही.

माझं काम त्या वाढीवर लक्ष ठेवायचं. खिडकीशेजारी भिंतीला एक उभी फळी ठोकलेली आहे. तिच्यावर फूट आणि इंच लिहिलेत आणि दोन रेघा लाल रंगानं ओढल्यात. पहिली तीन फुटांवर. तिच्या खालचं लेकरू फुकट. दुसरी साडेचार फुटांवर. तिच्या खाली अर्धं तिकीट, वर अख्खं. अर्ध्याला मनगटात पिवळा पट्टा, अख्ख्याला निळा. लेकराला चपला काढायला लावून फळीला टेकवायचं, डोक्यावर तळहात आडवा धरायचा, हात फळीला लागतो तिथं बघायचं, मग खिडकीत जाऊन पावती फाडायची. याला चौथीची शाळा पुरते. मी तेवढीच शिकले.

नोकरीतल्या आठवणी मोठ्या हुद्द्याची माणसं लिहितात. मला कुणी विचारलेलं नाही, म्हणून वहीत लिहिते. वही उशाखाली राहील.

पार्क बांधताना आमच्या यांनी तिथल्या टाक्यांच्या फरशा बसवल्या. त्या ओळखीवर मला कपड्यांच्या खोलीत काम मिळालं. पाण्यात घालायचे नायलॉनचे कपडे भाड्यानं देतात, ते वाळवायचे, घड्या घालायच्या. फळीशी तेव्हा एक वॉचमन होता. परक्या गड्यानं आमच्या पोरींच्या डोक्यावर हात का ठेवायचा, म्हणून रोज भांडणं. शेवटी म्यानेजर साहेब म्हणाले, बाईमाणूस उभं करा. बाकीच्या बायकांनी नको म्हटलं, मला नको म्हणता येत नाही, म्हणून मी उभी राहिले. मला माणसाच्या तोंडाकडं बघून बोलायची सवय नाही. पण या कामात तोंडाकडं बघायचंच नसतं. डोक्याच्या वर बघायचं.

आधी तिकीट वयावर होतं. ते चाललं नाही. आमच्या भागातल्या लेकराला दोन वयं असतात, एक शाळेतलं आणि एक एसटीतलं. वॉचमननं एका पोराला वय विचारलं तर ते आईकडं बघून म्हणालं, "कोणतं सांगू?" तेव्हापासून फळी आली. वय तोंडानं सांगता येतं, उंचीला अंग लागतं, असं शेठना वाटलं. शेठ धाराशिवचे, बांधकामाचा धंदा. माणसं त्यांना पुष्कळ कळतात, पण आमची माणसं अंगानंही खोटं बोलतात हे त्यांना तोपर्यंत माहीत नव्हतं.

तिकिटाचा भाव कसा ठरतो, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलं. एकदा दुपारी वीज गेली, पाणी थांबलं, लोक सावलीला बसले आणि शेठही खिडकीशी खुर्ची टाकून बसले. मला खूप दिवस वाटत होतं की लेकरांचं तिकीट दया म्हणून अर्धं असतं. मी तसं हळूच म्हटलं. शेठ हसले. म्हणाले, "बाई, लेकराला पाणी काय अर्धं लागतंय? उलट मोठा माणूस तासात दमतो, लेकरू सांजपर्यंत निघत न्हाय. लेकराच्या तिकिटात मला तोटाच हाय. पण लेकरू एकटं येत न्हाय. त्याच्या मागं दोन मोठे येतात. ते भिजतात, त्यांना कपडे लागतात. मग भूक लागती." म्हणून तर पिशव्या तपासतात. धपाटे आणि शेंगाचटणी फाटकावर ठेवून घेतात, जाताना परत देतात. ज्यांना अर्ध्या तिकिटात आत घेतलं, त्यांना बाकीचं अर्धं वड्याच्या ताटलीत द्यावं लागतं.

मग मी रेघेचं विचारलं. साडेचार फुटांवरच का? मला वाटायचं डॉक्टरनं नाहीतर सरकारनं ठरवलं असेल. शेठ म्हणाले, पुण्याकडच्या एका पार्कात तिथं होती, म्हणून इथं. इथं आल्यावर कळलं की आमच्याकडची पोरं जरा बुटकी, आठवी-नववीतलीसुद्धा अर्ध्यात जातात. शेठच्या मनात रेघ तीन इंच खाली घ्यायची होती. पण घसरगुंडी बसवायला आलेल्या माणसानं बजावून सांगितलं होतं, साडेचार फुटांच्या आतलं लेकरू वर सोडू नका, हलकं लेकरू वळणावर उडतं आणि कडेला डोकं आपटतं. एकाच पार्कात दोन रेघा दोन जागी कशा दाखवायच्या? शिवाय पाट्या छापून आल्या होत्या. म्हणून रेघ राहिली. आमच्या जिल्ह्यातलं लेकरू लहान कधीपर्यंत, हे असं ठरलं.

घसरगुंडीच्या जिन्याशी बालाजी उभा असतो. त्याच्याकडंही फळी आहे. निळा पट्टा दिसला की तो सोडतो, पिवळा असला की आईबाप हट्ट करतात आणि पोरगं टाचा उचलून उभं राहतं. "दोन इंचानं काय होतंय?" असं लोक त्याला विचारतात. मलाही तेच विचारतात, फक्त उलट्या बाजूनं.

माझ्याकडं गुडघे वाकतात. काही आया पोराला हाफ चड्डीऐवजी ढगळी प्यांट घालून आणतात, आत गुडघा काय करतो दिसत नाही. मी प्यांटच्या घडीकडं बघायला शिकले. उमरग्याकडचे एक व्यापारी आले होते. पोरगं फळीला लावलं आणि ते शांतपणे कानडीत म्हणाले, "स्वल्प बग्गु." म्हणजे थोडा वाक. मी मराठी बाई, मला काय कळणार. पण माझं माहेर त्याच बाजूचं. मी पोराच्या डोक्यावर हात ठेवला आणि तितक्याच हळू म्हटलं, "बग्गब्याड, अप्पा." वाकू नको. पोरगं सरळ झालं. व्यापाऱ्यांनी मुकाट्यानं अख्ख्याचे पैसे दिले आणि जाताना विचारलं, तुमचं माहेर कोणतं. पुढं त्यांनी त्यांच्याकडच्या सगळ्यांना सांगितलं असणार, कारण तिकडचे लोक आता खुणा करतात, बोलत नाहीत.

पण माझी चूक पकडली ती एका म्हातारीनं. पाठीत पार वाकलेली होती. नातवाला मोजलं, तो रेघेच्या वर गेला. मग ती स्वतः चपला काढून फळीला उभी राहिली. म्हणाली, "आता मला मोज."

मी म्हटलं, आजी, हे लेकरांचं आहे.

"कुठं लिवलंय लेकरू? नातवाला वाचाय लावलं मी. साडेचार फुटाच्या खाली अर्धं, येवढंच लिवलंय."

मी पाटी वाचली. खरंच तेवढंच होतं. इतक्या दिवसांत मी ती पाटी पुरती वाचली नव्हती. म्हातारीला मोजलं, ती रेघेच्या चार बोटं खाली भरली. तिच्यामागं रांग होती, मला वाद घालता येत नाही, मी तिला अर्धं तिकीट दिलं आणि पिवळा पट्टा बांधला. ती सगळ्यांना मनगट दाखवत आत गेली. म्यानेजर साहेबांनी ते बघितलं आणि माझ्या पगारातून अडीचशे कापले. मी एवढंच म्हटलं की पाटीवर लेकरू लिहिलेलं नाही. ते म्हणाले, त्यात लिहायचं काय, कळत नाही का. दुसऱ्या दिवशी पाटीवर 'मुले' असा शब्द बारीक अक्षरात वाढवला. त्या शब्दाचे पैसे मी दिलेत.

पाटीचा विषय निघाला म्हणून कुटुंबाचं सांगते. मोठ्याला पाचशे, लहानाला अडीचशे आणि तिसऱ्या ओळीत 'कुटुंब अकराशे नव्व्याण्णव'. दोन मोठे, दोन लहान एकदम आले तर तीनशे एक रुपये वाचतात. शेठना वाटलं लोक उड्या घेतील.

कळंबच्या पलीकडच्या एका खेड्यातून एक धोतरवाले आजोबा आले. मागं आजी, दोन नातवंडं. आजोबांनी नातवंडांकडून पाटी वाचून घेतली आणि खिडकीत वाकून मला विचारलं, "मला पाचशे, अन् कुटुंबाला बाराशे? ती काय दोन जागा अडवती का?"

आमच्याकडं जुनी माणसं बायकोचं नाव घेत नाहीत, 'आमचं कुटुंब' म्हणतात. हे शेठना माहीत असायला पाहिजे होतं. पाटी पुण्याहून छापून आलेली.

मी सांगितलं, "आजोबा, कुटुंब म्हणजे तुम्ही चौघं."

"मी कसा कुटुंब असंल?" आजोबा म्हणाले. "कुटुंब ही."

आजी मागून म्हणाली, "द्या की बाराशे. जल्मात कुणी माझं येवढं मोल केलं न्हाय."

रांगेतल्या बायका हसल्या. मी तीनदा समजावलं. शेवटी आजोबांनी स्वतःचं आणि नातवंडांचं वेगळं तिकीट काढलं, आणि कुटुंबाला सावलीत बसवलं. चौघांचं एकदम काढलं असतं तर आजी पाचशेऐवजी दोनशेत आत गेली असती, पण ते त्यांना पटलं नाही. आजी दिवसभर झाडाखाली फाटकावरच्या पिशवीतले धपाटे खात बसली. मला वाटतं त्या दिवशी सगळ्यांत मजेत तीच होती.

दुसरी चूक माझीच. सास्तूरकडचं एक घर आलं. सासू, थोरली सून, धाकटा मुलगा, त्याची बायको आणि चार पोरं. थोरला मुलगा नोकरीवर लांब होता. मी मनात हिशेब केला, चार मोठे, चार लहान, म्हणजे दोन कुटुंबं, सहाशे वाचतील. चांगलं करायला गेले. पुढं उभे होते ते दोघं घेतले, दोन पोरं जोडली आणि म्हटलं, "हे एक कुटुंब." पुढं उभे होते ते दीर आणि भावजय.

थोरली सून पदर ओढून तीन पावलं मागं सरली. सासू म्हणाली, "बाई, तोंड सांभाळ. ह्यो तिचा दीर हाय. त्याचं कुटुंब ही मागं हुबी हाय."

मी माफी मागितली, सांगितलं की नुसतं पावतीपुरतं आहे. थोरली म्हणाली, "त्या पावतीवर मी आत जायची न्हाय." दीर बिचारा भिंतीकडं तोंड करून उभा. म्यानेजर साहेबांना बोलावून पावती रद्द केली. मग मायलेकाचं एक कुटुंब केलं आणि दोघी जावांचं एक. तेव्हा धाकटी जाऊ म्हणाली, "चुलीपाशी तर आमचं जमत न्हाय, पाण्यात जमतंय का बघू." थोरलीसुद्धा हसली.

महिन्याभरात पाटी बदलली. आता 'फॅमिली पॅक' लिहिलंय. त्यानंतर एकही माणूस अडला नाही. तो शब्द कुणाचाच नाही, त्यामुळं कुणालाच लागत नाही.

आता अर्चनाचं. खरं म्हणजे ते लिहावं म्हणूनच वही उघडली होती, बाकीचं आपोआप आलं.

मे महिना होता. अर्चनाच्या मामानं बहिणीला, तिच्या दोन लेकरांना आणि स्वतःच्या दोघांना आणलं होतं. मामाच्या धाकट्यानं गुडघा वाकवला, मी तो सरळ करायला लावला, मामा हसून म्हणाला, मावशीपुढं चालत न्हाय. मग बहिणीचा मुलगा. सातवीतला, पण उंच, रेघ ओलांडून गेला. त्याची आई कुरकुरली. शेवटी मुलगी, अर्चना. नववीत होती, दोन वेण्या. चौघा लेकरांत सगळ्यांत मोठी. तिनं न सांगता चपला काढल्या, टाचा फळीला लावल्या, मान ताठ केली. इतकं सरळ माझ्यापुढं कुणी उभं राहत नाही. मी हात धरला. रेघेच्या दोन बोटं खाली.

मी हळू म्हटलं, अर्धं. माझं हळू तिच्या भावाला ऐकू आलं. "आमची ताई अर्धं तिकीट," तो म्हणाला. मामाच्या पोरांनी ते धरलं आणि चालीवर म्हणायला लागली. आई खूश होती. "बरं झालं, एक तरी अर्ध्यात गेलं," असं म्हणाली आणि पोरीच्या मनगटात स्वतःच पिवळा पट्टा बांधला. तिघं निळे पुढं पळाले, पिवळी मागून गेली.

पंधरा मिनिटांनी ती एकटीच खिडकीशी आली. कपडे घरचेच, कोरडे. मुठीत अडीचशे रुपये होते. त्यातले शंभर मामानं भाड्याच्या कपड्यांना दिलेले, बाकीचे तिचे स्वतःचे साठवलेले.

"मावशी, मला अख्खं करून द्या."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. इतक्या उन्हाळ्यांत जास्त पैसे द्यायला कुणी आलं नव्हतं. मी म्हटलं, "बाळा, तुझं अर्ध्यात झालंय की. आईचे पैसे वाचले."

"वाचले म्हणूनच चिडवूलालेत."

मी तिला घसरगुंडीचं सांगितलं. निळा पट्टा बघून बालाजी मोजत नाही, तू हलकी आहेस, वळणावर डोकं आपटेल. ती म्हणाली, वर जाणार नाही, आईशपथ. लेकरं आईची शपथ किती सहज घेतात ते मी रोज बघते. ढगळ्या प्यांटीतली सगळी आईच्याच शपथेवर उभी असतात. तरीही मी तिच्याकडं बघितलं. डोक्याच्या वर नाही, तोंडाकडं बघितलं. तिथंच माझं चुकलं. तोंडाकडं बघितलं की मोजता येत नाही.

पट्टा फुकट दिला असता तर संध्याकाळी निळे पट्टे मोजताना एक कमी भरला असता आणि पुन्हा अडीचशे कापले गेले असते. म्हणून मी तिचे पैसे घेतले. अर्ध्याचं अख्खं करायचं बटन मशीनला नाही, तशी गरज कुणाला पडलेलीच नाही. मी लहानाची अजून एक पावती फाडली, पिवळा कात्रीनं कापून ठेवला आणि निळा बांधला. दोन अर्धी म्हणजे एक अख्खं. हे एवढंच गणित मी त्या दिवशी केलं. इतकी माणसं मला दोन इंचांनी फसवायला बघतात आणि मी आयुष्यात एकीकडूनच जास्त पैसे घेतले, तर ती ही.

ती आत गेली. खिडकीतून घसरगुंडीचा जिना दिसतो. पण भाड्याचे कपडे सगळ्यांचे एकसारखे, निळे-काळे. कोण कुणाचं ते लांबून कळत नाही. मी पावती फाडायची, एकदा जिन्याकडं बघायची. थोड्या वेळानं जिन्यावरच्या रांगेत सगळ्यांच्या खांद्याइतकं एक बुटकं दिसलं. वर चाललं होतं. घरच्या कपड्यांत आली होती हे मी विसरले. तिच्याकडं भाड्याला पैसेच उरले नव्हते, हेही विसरले. खिडकी तशीच उघडी टाकून मी धावले. साडी नेसून ओल्या जिन्यावर चढले. मला ओरडता येत नाही असं मला वाटत होतं, पण मी खालूनच ओरडले, "बालाजी, थांबीव. ती बुटकी खाली उतरीव."

सगळा जिना थांबला. ते बुटकं वळलं. त्याला मिशा होत्या.

"बाई," तो माणूस म्हणाला, "मला दोन लेकरं हायेत."

वरपासून खालपर्यंत लोक हसले. मी त्यांच्या पाया पडायचीच राहिले होते. ते कुठल्याशा शाळेत मास्तर होते, शांतपणे म्हणाले, असू द्या, सवय आहे. आणि घसरून गेले. ते 'सवय' म्हणाले, ते मला अजून आठवतं.

अर्चना घसरगुंडीच्या खाली सापडली. लोक जिथं पाण्यात येऊन पडतात, त्या टाकीच्या काठावर कोरडी बसली होती. उजवा हात गुडघ्यावर ठेवलेला, पट्टा दिसेल असा.

मी धापा टाकत विचारलं, "वर गेली न्हायस ना?"

"न्हाय. मला पाण्याची भीती वाटती."

"मग निळा कशाला घेतलास?"

"भावाला दाखवला. तो म्हणला, मावशीची चूक झाली असंल. तर मामा म्हणला, त्या मावशीची चूक होत न्हाय, तिनं आपल्या पोराचा गुडघा धरला की." तिनं पट्टा पुढं केला. "आता मला चिडवत न्हायती."

मी तिच्याशेजारी काठावर बसले. इतकी वर्षं गुडघे पकडून जो काही खरेपणा मी साठवला होता, तो त्या पोरीनं अडीचशे रुपयांत नेला होता. स्वस्तात नेला, पण माझं त्यात काय गेलं ते मला सांगता येत नाही.

इकडं खिडकीपुढं एक टेम्पोभर माणसं ओरडत होती. म्यानेजर साहेब स्वतः पावत्या फाडायला बसले होते. पार्क बंद झाल्यावर त्यांनी मला बोलावलं. एक निळा पट्टा कमी, एक पिवळा कापलेला, पावत्या लहानांच्या दोन. मला खोटं जमवता येत नाही, सगळं सांगितलं. ते कापायची वही उघडून बसले होते. पण वहीत कमी आल्याचा रकाना होता, जास्त घेतल्याचा नव्हता. त्यांनी शेठना फोन केला.

दुसऱ्या दिवशी शेठ आले. मला वाटलं, आता नोकरी गेली. त्यांनी दोनदा तेच विचारलं. "पोरीनं स्वतःहून दिले? कुणी सांगितलं नसताना?" मी हो म्हटलं. ते फळीशी जाऊन रेघ बघून गेले.

पुढच्या उन्हाळ्यात पाटीवर नवी ओळ आली. ज्युनियर चॅम्पियन. लहानाच्या तिकिटावर पन्नास रुपये जास्त दिले की पिवळ्याच्या जागी निळा पट्टा. बालाजीला ओळखता यावं म्हणून त्यावर एक छोटा मासा छापलेला. शेठनी मला पेढा दिला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, हे बाईंमुळं सुचलं. मी पेढा खाल्ला. चांगला होता.

पहिल्या दोन दिवसांत पिवळे पट्टे कुणी घेईना. एका पोरानं माशाचा घेतला की बाकीचे आईबापांचा पदर, सदरा धरून उभे. तिसऱ्या दिवशी रांगेतलं एक पोरगं दुसऱ्याला म्हणालं, "ए मासा." पाचव्या दिवशी पोरं मनगटावर अंगठा दाबून हिंडायला लागली, मासा झाकायला. अर्धं तिकीट म्हणायचे ते आता मासा म्हणतात. फक्त त्याला पन्नास रुपये पडतात.

अर्चना त्यानंतर आली नाही. उंच झाली असेल. त्या वयात पोरी एका पावसाळ्यात वाढतात.

गेल्या रविवारी एक लहानशी पोरगी आली, कळंबकडची. रेघेच्या चार बोटं खाली. बापानं पन्नास जास्त दिले होते, मी मासा बांधला. ती जाईना. बाप पुढं गेल्यावर खिडकीच्या कठड्याला लोंबकळून म्हणाली, "मावशी, मासा नसलेला द्या. माझ्याकडं अजून पन्नास हायेत."

या वेळी मी डोक्याच्या वरच बघितलं. म्हटलं, "बाळा, तो पैशानं मिळत न्हाय. त्याला एक वर्ष लागतंय."

तिनं विचार केला.

"मग वर्षाचे किती?"

शेठ पलीकडं फोनवर बोलत होते, म्हणून बरं.